रिकाम्या वाघरीतली मेंढी

"हे अस्वल आहे," ओळख्या म्हणाला.

अंगणवाडीतली सगळी पोरं 'अस्वल, अस्वल' करत टाळ्या पिटायला लागली. चार वर्षांच्या सिदूनंही पिटल्या. त्याला घरी न्यायला आलेली त्याची थोरली बहीण मायू मात्र दारातच थबकली. सिदूनं ओळख्यासमोर धरलेला फोटो अस्वलाचा नव्हताच. तो त्यांच्या घरच्या मेंढीचा होता. काजळी तिचं नाव. पावसाळी ढगासारखी काळी, लोंबत्या कानांची, कळपाच्या सगळ्यात पुढं चालणारी काजळी. सिदू रांगत होता तेव्हा तिच्या चार पायांखालून आरपार जायचा.

"सिद्या, आपली काजळी हाय ती. मेंढी हाय."

"न्हाई," सिदू म्हणाला. "मेंढी पांढरी असती. ओळख्याला समदं ठावं असतं."

ओळख्या म्हणजे अंगणवाडीतला संगणकाचा खेळ. पाटीएवढा पडदा, वर काचेचा एक डोळा. त्या डोळ्यासमोर चित्र धरा, खेळणं धरा, नाहीतर खरंखुरं मांजर धरा. ओळख्या त्याचं नाव सांगायचा, त्याचा आवाज काढायचा आणि पोराचं नाव घेऊन शाबासकी द्यायचा. पाच-सहा वर्षांच्या आतल्या पोरांना प्राण्यांची ओळख व्हावी म्हणून तो बनवला होता. कोरड्याच्या वाडीतल्या पोरांना घोडा, उंट, जिराफ, पाणघोडा तोंडपाठ झाले होते. आणि काळी मेंढी अस्वल झाली होती.

ही गोष्ट आपल्या काळापासून वीसेक वर्षं पुढची. माणदेशातल्या या वाडीत तोवर घराघरावर उन्हावर वीज करणारे सूर्यपत्रे आले होते, पण एक गोष्ट जुनीच राहिली होती. दिवाळी झाली की इथले मेंढपाळ कळप घेऊन निघायचे, घाट उतरून कोकणात जायचे आणि जेठ सरायच्या आत परतायचे. मायूचे आबा म्हाळू कोकरे आणि आई हौसा दोघंही कळपाबरोबर जात. मायूची शाळा होती आणि सिदू मागं एकदा वाटेत फार आजारी पडला होता, म्हणून दोघं भावंडं ठकूआत्तीपाशी राहत. ठकूआत्ती म्हणजे आबांची बहीण. ती ओट्यावर बसून चातीवर लोकर कातायची आणि कातता कातता गुणगुणायची:

वाट पाहते मी वाट, वाट घाटानं वळली
काळ्या मेंढराची सावली, माझ्या दाराला कळली

काजळीच्या गळ्यात ठिकाण सांगणारा एक पट्टा होता. त्यामुळं आत्तीच्या फोनवरच्या नकाशात एक निळा ठिपका दिसायचा. ठिपका डोंगरातून मुंगीच्या पावलांनी सरकायचा. घाटात फोन लागत नसे. लागला तरी आबांचा अर्धा चेहरा अंधारात असायचा आणि आवाज तुटायचा. सिदूला विचारलं, आबा कुठायत, की तो निळ्या ठिपक्यावर बोट ठेवायचा. त्याचे आबा तेवढेच होते.

गेल्या जेठातली गोष्ट मायू विसरली नव्हती. कळप परतला, आबांनी हात पसरले, आणि सिदू किंचाळून आत्तीच्या लुगड्यामागं दडला. आईला तो लवकर बिलगला, पण चार दिवस आबांच्या जवळ गेला नाही. एका संध्याकाळी मायू पाणी द्यायला गेली, तेव्हा ते मेंढरांत बसले होते, काजळीच्या पाठीवर हात ठेवून, तोंड दुसरीकडं करून.

यंदा तसं व्हायला नको होतं. मायू रोज सिदूला फोटो दाखवून शिकवत होती: ही काजळी, ही आपली मेंढरं, यांच्या मागून आबा येतात. आणि आता ओळख्यानं मेंढरंच पुसून टाकली होती. मेंढरंच ओळखली नाहीत, तर त्यांच्यामागून येणारा माणूस सिदू काय ओळखणार?

दर गुरुवारी यमुताई कारंडे अंगणवाडीत यायच्या. त्या संगणकशास्त्रज्ञ होत्या. ओळख्या त्यांनीच बनवला होता. शहरातली नोकरी संपल्यावर त्या शेजारच्या गावी येऊन राहिल्या होत्या आणि आपल्या जुन्या स्कूटरवरून गावोगावचे ओळख्ये तपासत फिरायच्या.

"ताई, तुमचा ओळख्या खोटं बोलतो," मायू म्हणाली.

यमुताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं बाई. काय म्हणाला?"

"आमच्या काजळीला अस्वल म्हणाला."

"मग काजळी रागावली का?"

"काजळी कोकणात हाय. रागावले मी."

यमुताई हसल्या आणि जोत्यावर सरकून त्यांनी मायूला जागा करून दिली. "बस. मला सांग, तुला मेंढी कशी ओळखू येते?"

"कळतीच की."

"कशावरून? चार पाय? ते खाटेलाही असतात. लोंबते कान? ते शेळीलाही असतात."

मायूनं बराच विचार केला. "ल्हानपनापासून बघितलीया," ती शेवटी म्हणाली.

"झालं. ओळख्याचंही तेच आहे. मेंढी म्हणजे काय ते त्याला कुणी शब्दांत सांगितलेलं नाही. त्याला नमुने (ज्यांवरून शिकायचं अशी उदाहरणं) दाखवले. हजारो फोटो, आणि प्रत्येक फोटोला नावाची चिठ्ठी. ही मेंढी, हा घोडा, हे अस्वल."

त्यांनी काजळीचा फोटो आपल्या फोनवर घेतला आणि मोठा केला. अजून मोठा. काजळी नाहीशी झाली आणि गोधडीच्या ठिगळांसारखे काळे-करडे चौकोन उरले.

"हे चित्रकण (चित्राचा सगळ्यात लहान तुकडा). ओळख्याला काजळी दिसत नाही, हे तुकडे किती काळे, किती उजळ, त्याचे आकडे दिसतात. त्याच्या आत लाखो बारीक खुंट्या आहेत असं समज. पहिल्यांदा त्या कशाही पिळलेल्या. फोटो दाखवला की तो आपला ठोकून देतो, 'घोडा'. चिठ्ठीवर असतं 'मेंढी'. चुकलं. मग सगळ्या खुंट्या जराजरा पिळायच्या. पुन्हा फोटो, पुन्हा उत्तर, पुन्हा जरासा पीळ. तुमच्याकडं गजीच्या नाचाआधी ढोल लावतात ना?"

"व्हय. दोरी ताणायची, थाप मारून ऐकायचं, परत ताणायची."

"नीट वाजेपर्यंत. ओळख्याला तसंच लावतात. याला म्हणायचं यंत्राचा सराव."

"मग आमच्या मेंढीला चुकीचं का वाजला?"

अंगणवाडीत कुणीतरी ओळख्याला आपलं पाऊल दाखवत होतं आणि तो त्याला कासव म्हणत होता.

"मेंढ्यांचे फोटो मला दूरदेशातल्या एका साठ्यातून आयते मिळाले," त्या म्हणाल्या. "थंड मुलखातल्या मेंढ्या, सगळ्या पांढऱ्या, कापसाच्या गाठोड्यासारख्या. काळं, केसाळ, चार पायांचं असं त्या साठ्यात एक अस्वलच होतं. मला घाई होती. मी घेतले." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "माझ्या बापानं जन्मभर काळीच मेंढरं राखली, मायू. तरी माझ्या ध्यानात आलं नाही."

मायू म्हणाली, "आमच्या आत्तीच्या फोनमध्ये दोनशेवर फोटो हायत. चिठ्ठ्या मी लिवते."

आई दर वर्षी निघायच्या आधी आठवडाभर मेंढरांचे फोटो काढायची. सकाळचं ऊन, मागं वाघर, पुढं मेंढरं. वाघर म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवती खुंट ठोकून लावायची जाळी. मायूनं एकेका फोटोला चिठ्ठी लावली: मेंढी, मेंढी, मेंढी. यमुताईंनी त्यातले वीस फोटो मुद्दाम बाजूला ठेवले. "हे त्याला सरावात दाखवायचे नाहीत. पाहिलेलं ओळखण्यात काय मोठेपण? न पाहिलेलं ओळखता आलं, तर शिकला म्हणायचं."

सराव झाला. परीक्षा झाली. वीसच्या वीस बरोबर. काजळीला तर त्यानं अशा ठसक्यात मेंढी म्हटलं, की सिदू धावत येऊन पडद्याला चिकटला.

"काजळी मेंढी हाय?"

"मग मी काय सांगत हुते," मायू म्हणाली.

यमुताईंनी ओळख्या आठवड्यासाठी भावंडांच्या घरी दिला.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं जुनी फाटलेली वाघर गाठी मारून सांधायला म्हणून काढली आणि अंगणात कुंपणावर पसरली. शाळेतून येऊन मायू चूल पेटवत होती. तेवढ्यात अंगणातून ओळख्याचा आवाज आला.

"ही मेंढी आहे." आणि मागोमाग, "बेंऽऽ."

मायूच्या हातातली काटकी तशीच राहिली. पुन्हा आवाज आला. ही मेंढी आहे. बेंऽऽ. ती धावत बाहेर गेली. आबा आले की काय, इतक्या लवकर, न कळवता?

अंगणात सिदू आणि गाठी मारणारी आत्ती यांच्याशिवाय कुणी नव्हतं. सिदूनं ओळख्याला वाघरीसमोर उभं केलं होतं. वाघर रिकामी होती, वाऱ्यानं जरा हलत होती. सिदूनं जाळीच्या भोकातून आपला हात पलीकडं घातला होता आणि तो हवा कुरवाळत होता.

"मेंढरं आली," तो म्हणाला. "आबा कुठं हाय?"

मायूनं त्याला उचललं. तो बराच जड झाला होता. आबांनी त्याला शेवटचं उचललं तेव्हा तो इतका जड नव्हता, हे तिच्या मनात आलं. आत्ती आपली गाठी मारत राहिली. नेहमीचं गाणं मात्र तिनं मध्येच सोडलं.

संध्याकाळी आईकडून एक फोटो कसाबसा पोचला. हिरव्यागार माळावर काजळी. ओळख्या म्हणाला, अस्वल.

गुरुवारी मायूनं दोन्ही गोष्टी यमुताईंपुढं ठेवल्या. "रिकाम्या वाघरीला मेंढी म्हनतो. आन् खऱ्या मेंढीला अस्वल. वीसच्या वीस पास झाल्यावर."

यमुताई आधी मोठ्यानं हसल्या. मायूचा चेहरा पाहून थांबल्या. मग त्यांनी सगळे फोटो पडद्यावर एकदम पसरले. "आता तूच बघ. या सगळ्या फोटोंत सारखं काय आहे?"

"मेंढरं."

"मेंढरं सारखी कुठायत? एक बसलीय, एक उभी, एकीची नुसती पाठ. आणखी बघ."

मायू बघत राहिली आणि एकाएकी तिला ते दिसलं. फोटोमागून फोटो, वाघर. तीच चौकडी, तेच खुंट, तेच सकाळचं ऊन.

"त्यानं वाघर पाठ केली," ती हळूच म्हणाली.

"यंत्र सोप्या वाटेनं जातं. मेंढरू हलतं, वळतं, आकार बदलतं. जाळी तशीच राहते. तिच्यावरून उत्तर बरोबर येतंय ना, मग त्याला मेंढराशी काय देणंघेणं? आणि मी परीक्षेचे वीस फोटो त्याच ढिगातून काढले. त्यांतही वाघर होतीच. पुस्तकातलीच गणितं परीक्षेत घालावीत, तसं झालं. परीक्षा घेणारी मी नापास."

मायू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "ताई, पण मला बी तसंच होतंय. नुसती बेंऽऽ ऐकली, आन् मला वाटलं आबा आलं. मला ठावं हाय ते कोकणात हायत. तरीबी धावत गेले."

"ज्या दोन गोष्टी कायम बरोबर पाहिल्या, त्यांतली एक दिसली की मन दुसरी तिथं मांडतं," यमुताई म्हणाल्या. "माझ्या बापाची घोंगडी अजून खुंटीला आहे. मी रोज तिच्यापुढून जाते. रोज. पण तुझ्यात आणि ओळख्यात एक फरक आहे बघ. वाघर रिकामी आहे हे तुला कळतं, आणि ते दुखतं. त्याला दोन्ही नाही."

"मग त्याला कसं शिकवायचं?"

"वाघर आणि मेंढी यांची फारकत करायची. वाघरीशिवाय मेंढी दाखवायची. माळावर, ओढ्यात, उन्हात, धुक्यात. आणि उलट नमुनेही (हे ते नव्हे, असं शिकवणारी उदाहरणं) द्यायचे: रिकामी वाघर, चिठ्ठीवर 'काही नाही'. वाघरीत शेळी. वाघरीत कोंबडी. मग त्याला जाळी सोडून जनावराकडं बघावंच लागेल."

"आन् ठावं नसंल तर?"

"म्हणजे?"

"वर्गात मला ठावं नसलं की मी गप बसते. ह्यो काहीबी ठोकून देतो."

"हे माझ्याकडून राहिलंय," यमुताई म्हणाल्या. "त्याची खात्री कमी पडली, तर अंदाज ठोकायचा नाही, सरळ विचारायचं. तेवढं मी बघते. फोटो तू बघ."

मायूनं आईला निरोप धाडला. दोन दिवसांनी तुटक आवाजात उत्तर आलं, "अगं, मेंढरं राखू का फोटू काढू? तुझा आबा म्हनतो, लेक शाळेत घातली आन् हितं आमालाच अभ्यास लागला." पण तिसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. फोन लागेल तिथून, दहा-वीसचे झुबके. पाणी पिणारी मेंढरं. करवंदीच्या जाळीत घुसलेलं कोकरू. भातखाचरात बसलेला कळप, नुसती काळी टेकाडं. घाटाच्या वळणावर धुक्यातून निघालेली काजळी, फक्त नाक आणि कान. निळा ठिपका ज्या वाटेनं सरकत होता, ती वाट पहिल्यांदाच मायूच्या घरात आली.

चिठ्ठ्या लावायचं काम सिदूकडं होतं. तो बोलायचा, मायू लिहायची. "मेंढी. मेंढी. कोकरू. ह्ये शेरडू. ही मेंढीच, पर तिला झोप आलीया." आधी तो मायूला विचारायचा, मग विचारेनासा झाला. ओळख्याला शिकवता शिकवता तो स्वतःच शिकत होता.

एका फोटोत मेंढरांच्या मागं चालणारा एक पाठमोरा माणूस होता. खांद्यावर काठी, तिच्यावरून टाकलेले दोन्ही हात.

"ह्यो कोन?" सिदूनं विचारलं.

मायूनं फोटो मोठा केला. "ओळख बघू."

सिदूनं फोटोकडं पाहिलं, मग फोनवरच्या निळ्या ठिपक्याकडं. "ठावं न्हाई," तो म्हणाला.

त्या क्षणी मायूला कळलं. गेल्या जेठात सिदूचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला नमुनेच मिळाले नव्हते. एक अर्धा अंधारलेला चेहरा, एक तुटका आवाज आणि एक ठिपका, एवढ्यावर कुणी बाप ओळखतं का? तिनं आईला दुसरा निरोप धाडला: आबाचे फोटो पाठव. पागोट्याचे आन् बिनपागोट्याचे. जेवताना, झोपल्यावर, रागावल्यावर, पाठमोरे, लांबून. समदे.

"ते लाजतंय," आईचं उत्तर आलं. पण फोटो आले. आबा भाकरी थापताना. आबा कोकराला बाटलीनं दूध पाजताना. आबा झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपलेले. यावर सिदू इतका हसला, की तो फोटो रोज बघायला मागू लागला. आणि त्यांची हाक आली, पाण्यावर मेंढरं बोलवायची: "हिर्रर्र, हूऽऽ हूऽऽ." सिदू ती हाक कोंबड्यांना घालायला लागला. कोंबड्यांनी दाद दिली नाही.

यमुताईंनी नवा सराव दिला. आता परीक्षेचे फोटो त्यांनी वेगळ्याच वाडीतल्या, वेगळ्याच कळपाचे आणले. तीसपैकी सत्तावीस बरोबर. "वीसपैकी वीसपेक्षा हे सत्तावीस मला लाखमोलाचे," त्या म्हणाल्या. रिकाम्या वाघरीसमोर धरल्यावर ओळख्या थांबला, आणि म्हणाला, "इथं मला कुणी दिसत नाही."

बरोबर होतं उत्तर. तरी मायूला वाटलं, जरा कमी बरोबर असतं तरी चाललं असतं.

जेठातल्या एका दुपारी निळा ठिपका वाडीच्या नावाला येऊन टेकला. मग माळापलीकडं धूळ उठली. सिदू अंगणवाडीतून मागून आणलेल्या ओळख्याला पोटाशी धरून वेशीवर उभा होता, त्याच्यामागं मायू. तिला सिदूचा हात धरायचा होता, पण तिनं धरला नाही.

काजळी पहिली आली. "ही मेंढी आहे," ओळख्या म्हणाला.

"ठावं हाय मला," सिदू म्हणाला.

कळप दोन्ही बाजूंनी वाहत गेला आणि धुळीतून आबा आले. एकाही फोटोतल्यासारखे ते दिसत नव्हते. पागोटं एका लंगड्या कोकराच्या पायाला बांधलं होतं. दाढी वाढलेली, तोंड धुळीनं पांढरं, गालफडं बसलेली. ते सिदूपासून दहा पावलांवर थांबले. यंदा त्यांनी हात पसरले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून नुसते उभे राहिले. मागं आईही थांबली.

सिदूनं ओळख्याला वर उचललं आणि काचेचा डोळा त्यांच्याकडं केला.

"हे मला माहीत नाही," ओळख्या म्हणाला. "सिदू, तू मला सांगशील?"

सिदूनं ओळख्याला खाली घेतलं. त्या माणसाचे पाय पाहिले, काठी पाहिली, डोळे पाहिले. मग मान वर करून बारीक आवाजात म्हणाला, "हिर्रर्र, हूऽऽ हूऽऽ."

दहा-बारा मेंढरं वळून त्याच्याकडं बघायला लागली. आबांची काठी खाली पडली.

"आबा हाय," सिदूनं ओळख्याला सांगितलं. "लिवून घे."

त्या संध्याकाळी वाघर ताणून लावली आणि मेंढरं आत बसली. सिदू आबांच्या मांडीवर होता आणि त्यांना एकेक मेंढरू दाखवून त्याचं नाव शिकवत होता. आबा मुद्दाम चुकत होते. यमुताई स्कूटर लावून जरा वेळ जाळीला हात टेकून उभ्या राहिल्या. कोकणच्या वाटेवर चाळीस अंगणवाड्या होत्या. दिवाळीपर्यंत त्या सगळ्यांच्या ओळख्यांना काळी मेंढी कळेल, असं त्या म्हणाल्या. कळप जिथून जाईल, तिथली पोरं दारात येऊन हाक मारतील, मेंढरं आली, मेंढरं आली.

दिवाळीला पाच महिने होते. मायूनं बोटांवर मोजलं आणि मूठ मिटून घेतली. मग तिनं आत्तीचा फोन काढला आणि फोटो घ्यायला सुरुवात केली. वाघरीच्या आतून, बाहेरून, उजेडात, सावलीत. आबा हसताना. आई केस विंचरताना. पुढच्या जेठापर्यंत पुरतील इतके.